मॅस्टोडॉन सर्व्हर: जे पुसायचं ते साठवतो, जे साठवायचं ते पुसतो

मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं समाजमाध्यम, पण कुणा एका कंपनीचं नाही; वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर एकमेकांना जोडून ते बनतं. शुक्रवारी रात्री आमचा असाच एक सर्व्हर बंद पडला तो रविवारी दुपारी उठला. बिघाड काहीच नव्हता. ज्या कंपनीकडून जागा भाड्याने घेतलीय तिनेच तो बंद केला, एका फोटोच्या कॉपीराइट तक्रारीवरून. तो फोटो आमच्या एकाही सदस्याने टाकलेला नव्हता. तक्रारीतली लिंक नीट वाचली तर पत्ता आमचा होता, पण पुढे फोल्डरचं नाव 'कॅश' (बाहेरून आलेल्या प्रतींचा तात्पुरता साठा) होतं. म्हणजे फोटो दुसऱ्याच सर्व्हरवरून आमच्या डिस्कवर उतरलेला. हे कंपनीच्या सपोर्टला परत परत लिहिलं, आणि प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर आलं. शेवटी फाइल पुसली, तेव्हा सर्व्हर चालू झाला.

मॅस्टोडॉनवर 500 अक्षरांत कसं लिहायचं, हे इथे सांगत बसत नाही. आमचा सर्व्हर लहान आहे. अहिराणीत लिहिणारे, रावेर-यावलकडचे केळीवाले, धुळ्याचे काही शिक्षक. मी भुसावळहून तो चालवतो आणि मॉडरेशन, म्हणजे पोस्टींवरची देखरेख, अमळनेरचे नाना बघतात, निवृत्त मुख्याध्यापक. अहिराणीत भांडण कुठलं आणि थट्टा कुठली हे त्यांना पहिल्या ओळीत कळतं. असा माणूस नसेल तर सर्व्हर काढूच नका.

आता त्या कॅशबद्दल. आपला एक सदस्य बाहेरच्या कुणाला फॉलो करतो, आणि त्या माणसाच्या पोस्टी, फोटो, प्रोफाइलचं चित्र, सगळ्याच्या प्रती आपल्या डिस्कवर येऊन बसतात. त्यात 'रिले', म्हणजे अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्टी एकमेकांकडे पोचवणारा दुवा, जोडला तर अनोळखी सर्व्हरांचा पूरच येतो. टाइमलाइन भरलेली दिसावी म्हणून आम्ही सुरुवातीला एक रिले जोडला होता. आमच्या लोकांचे फोटो मूठभर आणि डिस्क भरत होती परक्यांच्या फोटोंनी. प्रत्येक जादा जीबीचे पैसे मी खिशातून भरतो, त्यामुळे तेव्हा माझा राग पैशांपुरता होता.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी या अभ्यासगटाचा जुलै 2023 चा अहवाल वाचला आणि खर्चाचा विषय मागे पडला. त्यांनी 25 मोठे मॅस्टोडॉन सर्व्हर दोन दिवस तपासले, तर बालकांच्या लैंगिक शोषणाच्या, आधीपासून नोंद असलेल्या साहित्याशी जुळणारे 112 नमुने सापडले. हे साहित्य पोस्टींबरोबर फिरत असेल तर त्याची प्रत कुणाच्याही कॅशमध्ये पडू शकते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात स्पष्ट म्हटलंय की मध्यस्थाने पॉक्सोखाली (बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) खबर देण्याची जबाबदारी पाळली नाही, तर त्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चं, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराच्या जबाबदारीतून सूट देणारं, संरक्षण मागता येणार नाही. आणि मध्यस्थ म्हणजे फक्त मोठी कंपनी नव्हे. दुसऱ्यासाठी मजकूर घेणारी, साठवणारी, पुढे पाठवणारी कुणीही व्यक्ती त्या व्याख्येत बसते. म्हणजे मीही बसतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की बाहेरची चित्रं साठवणं मुळात बंद असावं आणि ज्याला हवं त्याने ते चालू करावं. आज नेमकं उलट आहे. सेटिंग आहे, किती दिवसांनी कॅश पुसायची ते ठरवता येतं, एखाद्या सर्व्हरची चित्रं नाकारताही येतात. पण नवीन माणसाला हे आपण होऊन शोधावं लागतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये तात्पुरत्या, आनुषंगिक साठवणुकीला मोकळीक आहे, पण परदेशी कंपनीच्या तक्रार विभागापुढे ते कलम कोण वाचून दाखवणार?

दुसरं दुखणं याच्या बरोबर उलटं. 2021 चे मध्यस्थ नियम सांगतात की काढलेला मजकूर आणि त्याच्याशी संबंधित नोंदी तपासासाठी 180 दिवस जपून ठेवा. मॅस्टोडॉनमध्ये खातं निलंबित केलं की त्याचा डेटा 30 दिवसांनी कायमचा पुसला जातो. पुढे पोलिसांचं पत्र आलं तर हातात काय ठेवणार? आम्ही आता निलंबनाआधी खात्याची पूर्ण प्रत काढतो, ती सांकेतिक कुलपात (एन्क्रिप्ट करून) ठेवतो आणि मुदत संपली की पुसतो. कुलूप यासाठी, की मे 2023 मध्ये अमेरिकेत एफबीआयने कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या चालकाच्या घरावर छापा घातला तेव्हा डेटाबेसची कुलूप नसलेली प्रत त्यांच्या हाती लागली. छापा दुसऱ्याच प्रकरणाचा होता आणि माहिती गेली सगळ्या सदस्यांची.

त्याच नियमांत 50 लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांच्या वर जादा जबाबदाऱ्या लागतात हे खरं, पण तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं आमच्याएवढ्या सर्व्हरलाही चुकत नाही. 2021 च्या मूळ मजकुरात तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत होता. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, तेव्हा ताजा मजकूर वाचूनच कामाला लागा.

आमच्यावर एकदा कायदेशीर नोटीसही आली, ती ऐन शेतीच्या विषयावर. एका शेतकऱ्याने ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) केळीच्या रोपांत भेसळ निघाली असं अहिराणीत लिहिलं, दुकानाचं नावही घेतलं. दुकानदाराच्या वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टाने माझ्या घरी आली: पोस्ट काढा, माफी मागा. जळगावच्या वकिलांची फी सर्व्हरच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकी झाली, पण सल्ला पैसे वसूल करणारा होता. श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कलम 79 मध्ये ज्या 'प्रत्यक्ष माहिती'नंतर मजकूर काढावा लागतो, ती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना. वकिलाची नोटीस यातलं काहीच नाही. नानांनी शेतकऱ्याला फोन लावला, "भाऊ, बिल आहे का? बागेचे फोटो आहेत का?" दोन्ही होते, त्याने पोस्टखाली लावले. आम्ही लेखी उत्तर पाठवलं, पोस्ट तशीच ठेवली. त्यानंतर दुकानदाराकडून काही आलं नाही.

सगळीकडे मात्र आदेशाची वाट बघत बसायचं नसतं. कुणाचे खासगी, नग्न फोटो टाकल्याची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी केली, तर आदेशाशिवाय काढायचे, असं 2021 पासूनच आहे. तेव्हा मुदत 24 तासांची होती, ती 2026 च्या दुरुस्तीने 2 तासांवर आली. शिवाय आपण पुसलं तरी दुसऱ्या सर्व्हरला फक्त 'पुसा' असा निरोप जातो. तो मानायचा की नाही हे तिथल्या चालकाच्या हातात, आणि हे तक्रारदार बाईंना समजावून सांगणं फार जड जातं.

मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे नोंदणी मंजुरीने ठेवण्याची सोय. आधी मला ती कटकट वाटायची, लोक अर्ज बघून परत जातील असं वाटायचं. आता तीच सर्वांत कामाची वाटते. प्रत्येकाला दोन ओळी लिहाव्या लागतात, तिथेच जाहिरातवाले गळतात आणि नानांचं निम्मं काम वाचतं. 'मर्यादित' करण्याची सोयही चांगली आहे. त्रास देणारं खातं न काढता सार्वजनिक टाइमलाइनमधून बाजूला जातं, फॉलो करणाऱ्यांना दिसत राहतं.

रिले तोडलाय, कॅशची मुदत आवळलीय, डिस्कचं बिल उतरलंय. या महिन्याचं भाडं भरलं, पण कंपनी बदलायचं नक्की आहे. नव्या कंपनीला एकच विचारलंय: तक्रार आली तर बंद करण्याआधी उत्तराला किती तास देता? लेखी कळवलं की सर्व्हर हलवू.