पवना की भंडारदरा? एका रविवारात सायकल आणि ट्रेक

सह्याद्रीत डोंगरातलं तळं म्हटलं की ते बहुतेक वेळा धरणाचंच पाणी निघतं. तरी काठाकाठाने सायकल, मग किल्ल्याची चढण आणि रात्री मुंबईत घरी, हा बेत जमतो. कुठे जायचं ते मात्र पायांतल्या ताकदीपेक्षा घड्याळावर ठरवा.

माथेरानचा शार्लोट लेक आधीच बाजूला काढतो. नेरळ ते दस्तुरी हा घाट सायकलवर घाम काढतो, मोटारी दस्तुरीलाच थांबतात, पुढे लाल मातीतून चालणंही छान. पण निवांतपणा हवा असेल तर सुट्टीच्या दिवशी तिकडे फिरकू नका.

खरी निवड पवना आणि भंडारदरा यांच्यात आहे.

पवनेसाठी सायकली गाडीला लावून लोणावळा गाठायचं (एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे थेट चालवत जाण्याचा विचार असेल तर जुना रस्ता). लोणावळ्याहून अँबी व्हॅलीच्या रस्त्याने घुसळखांब फाटा, तिथून तुंग किल्ल्याच्या पायथ्याची तुंगवाडी. एका बाजूचं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, चढ-उतार भरपूर. गावात मारुतीचं देऊळ आहे. जवळच्या एखाद्या घरी विचारून सायकली लावाव्यात आणि जेवणाचंही तेव्हाच सांगून ठेवावं, म्हणजे उतरेपर्यंत पिठलं-भाकरी तयार.

तुंग लांबून सुळक्यासारखा दिसतो म्हणून लोक उगाच दचकतात. तासाभरात माथा येतो. गोमुखी बांधणीचा दरवाजा ओलांडला की शेवटचा टप्पा अंगावर येणारा आहे, वर तुंगाई देवीचं इवलंसं देऊळ आणि जेमतेम टेकायला जागा. खाली पवनेचं पाणी डोंगरांच्या बोटांमधून आत शिरलेलं, पलीकडे तिकोना, लोहगड, विसापूर. २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. गर्दीचा ओढा तिकडे, त्यामानाने तुंग शांत.

भंडारदरा ठाण्यापासूनच दीडशे किलोमीटरच्या घरात: कसारा घाट, इगतपुरी, घोटी, शेंडी. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आणि त्यामागचा आर्थर लेक. सायकलिंग म्हणून इथली मजा पवनेला नाही. शेंडी ते रतनवाडी रस्ता पाण्याला धरून वळत राहतो, मधेच मोबाइलची रेंज जाते, वाहनं तुरळक. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर घाईत पाहू नका, दगडातलं कोरीवकाम जवळ जाऊन बघण्यासारखं आहे आणि शेजारची पुष्करणीही.

अडचण रतनगडाची. जंगलातून चढायला तीन तास सहज जातात, मग लोखंडी शिड्या, गणेश दरवाजा आणि वर ते प्रसिद्ध नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. वाऱ्यात नेढ्यात बसलं की उठवत नाही. त्यात उतरण आणि शेंडीपर्यंत परतीची राइड मिळवा, शिवाय रात्री कसारा घाट. माझ्या मते एका दिवसात हे सगळं म्हणजे हावरटपणा. शुक्रवारी रात्री निघून शेंडीत मुक्काम करणार असाल तर मात्र डोळे मिटून भंडारदरा. एकच दिवस असेल आणि तरीही तिथेच जायचं असेल, तर किल्ला सोडा. रतनवाडीहून पुढे साम्रद, घाटघर करत तलावाला पूर्ण वळसा घाला.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तुंग निवडावा. गटात कुणी दमला तर त्याला गावातच थांबता येतं, बाकीचे दोन-अडीच तासांत परत येतात.

मोसम दोन्हीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा उत्तम. पावसात रतनगडाच्या शिड्या निसरड्या असतात आणि ओढे अचानक फुगतात. तुंगच्या पायऱ्याही शेवाळलेल्या. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून चढायला जाऊ नका, ट्रेकचे बूट पाठपिशवीत ठेवा. टायर रुंद असलेले बरे, पावसाळ्यानंतर खड्डे दोन्ही रस्त्यांवर असतात. आणि कितीही उकडलं तरी धरणात पोहायला उतरू नका: काठ फसवा असतो, दोन पावलांत तळ सुटतो.