बांधून आणलेलं कॅरेक्टर की टेबलावर घडलेलं?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फासे टाकून, भूमिका वठवत खेळायच्या खेळाचं नवीन कॅम्पेन (बऱ्याच बैठका चालणारी गोष्ट) सुरू होतंय, डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) "कॅरेक्टर करून आणा" म्हटलंय, आणि तुम्ही दोन वाटांवर अडकला आहात. एका वाटेने गेलात तर पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंतचं बिल्ड (कुठल्या लेव्हलला काय घ्यायचं याची आखणी) घरूनच ठरवून न्यायचं. दुसऱ्या वाटेने गेलात तर जेमतेम सुरुवात ठरवायची आणि पुढचं टेबलावर सोडायचं. मी दोन्ही प्रकारे खेळलोय, बहुतेक पाचव्या आवृत्तीचं डी अँड डी, त्यामुळे हा हिशेब तिथलाच.

आधी एक जुनं भांडण बाजूला ठेवू. जो आकडे चांगले जुळवतो त्याला रोलप्ले (भूमिका वठवणं) जमत नाही, हा समज खोटा आहे. त्याला 'स्टॉर्मविंड फॅलसी' असं नावही पडलेलं आहे. मी पाहिलेले काही उत्तम नट कॅरेक्टर शीटच्या बाबतीत पक्के व्यापारी होते. उलट, "माझा विझार्ड मुद्दामच मठ्ठ आहे" म्हणत, ज्याची जादू बुद्धीवरच चालते त्या जादूगाराची बुद्धी १२ ठेवून येणारा माणूस तिसऱ्या लढाईनंतर सगळ्यांच्या डोक्यात जातो. एसी (बचावाचा आकडा) १५ च्या राक्षसावर वीस बाजूंच्या फाशात +५ मिळवून मारणाऱ्याचा घाव निम्म्याहून थोड्या जास्त वेळा लागतो, +३ वाल्याचा निम्म्याहून कमी. कागदावर फरक दहा टक्क्यांचाच, पण तीन तास बसून "चुकला" हेच ऐकायला लागलं की तो फार मोठा वाटतो. त्यामुळे थोडं बांधकाम सगळ्यांनीच करावं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

बांधून आणलेल्या कॅरेक्टरची मजाही खरी आहे. कुठली फीट (जादा कौशल्य) कधी घ्यायची, २०१४ च्या नियमांतल्या ग्रेट वेपन मास्टर या फीटचा −५/+१० चा सौदा (नेमातून ५ वजा, घावात १० जास्त) कधी परवडतो, हे रात्री जागून जुळवणं हा स्वतंत्र खेळच आहे, आणि तो एकट्याने खेळता येतो. ज्यांचं टेबल महिन्यातून एकदा जमतं, त्यांना याची किंमत कळेल.

मग मला खटकलं काय? माझा एक पॅलाडिन (शपथेने बांधलेला योद्धा) होता. त्याची आखणी ठरलेली: दोन लेव्हल पॅलाडिन, मग हेक्सब्लेड प्रकारच्या वॉरलॉकच्या (एखाद्या शक्तीशी करार करून जादू मिळवणाऱ्याच्या) एका लेव्हलची फोडणी, म्हणजे तलवारही ताकदीऐवजी करिश्म्यावर चालणार. अगदी रुळलेलं बिल्ड. आता पॅलाडिन शपथ घेतो तिसऱ्या लेव्हलला. आमच्या डीएमने त्यासाठी एक पडकं देऊळ, एक म्हातारी पुजारीण, असा सगळा प्रसंग रचून ठेवला होता. पार्टी तिथे पोचली, लेव्हल वाढली, आणि माझ्या शीटवर पुढची ओळ होती 'वॉरलॉक १'. म्हणजे ज्या रात्री देवापुढे शपथ घ्यायची, त्याच रात्री गडी छायालोकातल्या कुठल्याशा शक्तीशी करार करून सकाळी उठला. डीएमने शांतपणे विचारलं, "हा करार झाला कधी?" मी म्हटलं, "बघू नंतर." पुजारीण बिचारी एक लेव्हल थांबली.

नियमांत यात काही चूक नव्हती. लढाईत तो पॅलाडिन भारीच होता. पण पुढेही तेच होत राहिलं. गोष्ट काहीतरी देऊ करायची आणि माझ्याकडे उत्तर आधीच लिहिलेलं असायचं. २०२४ च्या नियमांनी ही फोडणी बंद केली असंही नाही. करिश्म्यावर शस्त्र चालवू देणारा पॅक्ट ऑफ द ब्लेड आता वॉरलॉकला पहिल्याच लेव्हलला घेता येतो, तेव्हा तुमच्या टेबलावरही हा प्रसंग येऊ शकतो.

त्यानंतरचं माझं कॅरेक्टर, एक 'रोग' (इंग्रजी rogue, म्हणजे चोरटा), मी न आखता नेलं. चौथ्या लेव्हलपर्यंत तो साधा चोर होता. मग तो मरणार इतक्यात एका क्लेरिकने (देवाच्या पुजाऱ्याने) त्याला वाचवलं, आणि पाचव्या लेव्हलला मी 'रोग'ऐवजी क्लेरिकची एक लेव्हल घेतली. विझडम १३, म्हणजे दुसरा वर्ग घेण्याच्या परवानगीपुरतं. अनकॅनी डॉज (घाव अर्धा करण्याची युक्ती) लांबला, स्नीक अटॅकचा (बेसावध गाठून केलेल्या घावाचा) तिसरा फासा लांबला. हिशेबाने हा तोटाच, आणि एका लढाईत तो चांगला जाणवलाही. तरी आमच्या टेबलावर आजही नाव निघतं ते त्या चोराचं. पॅलाडिनचं फक्त डॅमेज आठवतं. हे मोजमाप नव्हे, पण माझ्यापुरतं पुरेसं आहे.

खेळ कुठला, यावरही थोडं अवलंबून आहे. तिसरी आवृत्ती किंवा ३.५ खेळणार असाल तर न आखता खेळण्याचा आग्रह मी धरणार नाही. तिथे चांगल्या-वाईट निवडींत इतकं अंतर आहे की बेसावध माणूस सहाव्या लेव्हलला प्रेक्षक होतो. नियम नीट जाणणाऱ्याला फळ मिळावं असाच तिथे विचार होता, हे तिच्या रचनाकारांपैकी मॉन्टी कुक यांनी स्वतःच लिहिलंय. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती याच्या उलट टोकाला: मुख्य स्टॅट (गुणाचा आकडा) नीट ठेवला की बाकी गणित बरंचसं सांभाळलं जातं, आणि खरी हुशारी टेबलावर एकमेकांना साथ देण्यात लागते.

पाचव्या आवृत्तीसाठी मी आता एवढंच करतो: मुख्य स्टॅट १६, कॉन्स्टिट्यूशन (तब्येत) १४, तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा अंदाज, पुढची पानं कोरी. तुमचा स्वभाव वेगळा असू शकतो. आणि वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारी गोष्ट) असेल किंवा कॅम्पेन थेट आठव्या-नवव्या लेव्हलला सुरू होणार असेल, तर खुशाल पूर्ण बिल्ड घेऊन जा. तेव्हा सुरुवातीची लेव्हल कुठली, हे डीएमला आधी विचारून घ्या.