छोट्या डिस्प्लेवर मराठी: यू८जी२, टीएफटी_ईएसपीआय आणि एलव्हीजीएल बरेच महिने वापरल्यावर

आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीबाहेर टाक्यांची लेव्हल दाखवणारा डिस्प्ले मागच्या पावसाळ्यापासून चालू आहे. आधी ०.९६ इंची ओलेड होता, आता २.८ इंची रंगीत टचवाला आहे, आणि या काळात ग्राफिक्ससाठी तीन लायब्रऱ्या (म्हणजे तयार कोडचे संच) आलटून पालटून भरपूर वापरून झाल्या. यू८जी२, टीएफटी_ईएसपीआय आणि एलव्हीजीएल. तिन्ही फुकट, तिन्ही ओपन सोर्स, तिन्हींवर यूट्यूबला ढिगाने व्हिडिओ आहेत, पण बहुतेक व्हिडिओ 'हॅलो वर्ल्ड' दिसलं की संपतात आणि खरी मजा त्याच्या पुढेच सुरू होते. शिवाय माझी एक अट होती की डिस्प्लेवर सगळं मराठीत दिसलं पाहिजे, कारण तो बघणार वॉचमन काका आणि सकाळी पाण्याची चौकशी करायला येणाऱ्या आज्जी, त्यांना 'ओव्हरहेड टँक लो' दाखवून काय उपयोग. या एका अटीमुळे लायब्रऱ्यांची जेवढी ओळख झाली तेवढी नुसते आकडे दाखवून झाली नसती.

आधी ओलेड. पुण्याच्या तपकीर गल्लीत जो चार पिनांचा मिळतो तोच, एसएसडी१३०६ चिपवाला, १२८ × ६४ पिक्सेल. एका पिक्सेलला एक बिट म्हणजे पूर्ण चित्र १०२४ बाइटमध्ये बसतं. चिपच्या आत मेमरी आठ पानांत विभागलेली असते आणि एक बाइट म्हणजे उभे आठ पिक्सेल, आडवे नाही. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर रॅमच मुळात २ केबी, त्यात १ केबी चित्रालाच गेली तर बाकी प्रोग्रॅमने करायचं काय, म्हणून यू८जी२ मध्ये पेज बफर ठेवलाय (बफर म्हणजे चित्र तयार करायची रॅममधली जागा). १२८ किंवा २५६ बाइटच घ्यायचे आणि तेच चित्र तुकड्या-तुकड्याने परत परत काढायचं, फर्स्टपेज-नेक्स्टपेजवाला लूप. वेळ जास्त जातो पण रॅम वाचते आणि उनोवर हा सौदा मला पूर्ण पटला. ईएसपी३२ (जास्त रॅमचा, वायफायवाला कंट्रोलर) असेल तर विचारच करू नका, सरळ फुल बफर घ्या.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. एक, १.३ इंचाचे जे मॉड्यूल मिळतात त्यात बऱ्याचदा एसएच११०६ चिप असते. तिची मेमरी १३२ कॉलमची आहे, त्यामुळे एसएसडी१३०६ चा ड्रायव्हर लावला तर चित्र दोन पिक्सेल सरकतं आणि कडेला कचरा दिसतो. मॉड्यूल खराब नसतं, यू८जी२ मध्ये कन्स्ट्रक्टर (चिप कुठली ते सांगणारी कोडची ओळ) बदलला की झालं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, काही मॉड्यूलवर पहिली पिन जीएनडी असते आणि काहींवर व्हीसीसी, दिसायला दोन्ही सारखेच. एका ऑनलाइन दुकानाने आम्हाला एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही प्रकार पाठवले होते. पॉवर द्यायच्या आधी छापलेलं वाचाच.

स्पीडचं गणित कागदावर करून बघण्यासारखं आहे. आयटूसीवर (ओलेड ज्या दोन तारांवरून डेटा घेतो ती पद्धत) एक बाइट पाठवायला नऊ क्लॉक लागतात, आठ बिट आणि एक ॲक, म्हणजे मिळाल्याची पोच. म्हणजे १०२४ बाइटला ९२१६ क्लॉक. १०० किलोहर्ट्झवर हे झाले साधारण ९२ मिलिसेकंद, ४०० वर २३. तेवढा वेळ साधा लूप तिथेच अडकून असतो. पहिल्या सेटअपमध्ये बटण दाबल्यावर प्रतिसाद उशिरा येत होता त्याचं कारण हेच, बटणात काहीच खोट नव्हती. मग यू८जी२ चं अपडेट-डिस्प्ले-एरिया फंक्शन वापरायला घेतलं आणि फरक लगेच जाणवला. स्क्रीन ८ × ८ च्या चौकोनांत धरायची आणि बदलला तेवढाच भाग पाठवायचा. टक्केवारीचा आकडा ३२ × १६ मध्ये बसतो, म्हणजे फक्त ६४ बाइट! छोट्या डिस्प्लेच्या प्रोग्रॅमिंगमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, बदललं तेवढंच काढा आणि तेवढंच पाठवा. लायब्ररी कुठलीही असो, शेवटी ती हे किती सोपं करून देते यावरच माझं मत बनलंय.

आता मराठी. यू८जी२ मध्ये युनिफॉन्टमधून घेतलेला देवनागरी फॉन्ट आहे, ड्रॉयूटीएफ८ ने अक्षरं येतातही आणि पहिल्यांदा बघून फार आनंद होतो. 'टाकी' ओळखू येतं. पण 'किती' लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी क च्या ऐवजी पुढच्या त ला जाऊन चिकटते. कारण युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी साठवलेली असते, आणि दाखवताना वेलांटी डावीकडे घ्यायचं काम शेपिंग इंजिनचं असतं. मोबाईल-कॉम्प्युटरवर हे हार्फबझसारखी लायब्ररी करते, इथे तसं कोणीच नाही, फॉन्टमधले ग्लिफ (अक्षरांचे आकार) आले त्या क्रमाने एकापुढे एक ठेवले जातात. 'पूर्ण' मधला रफार ण च्या डोक्यावर जात नाही, पाय मोडलेला र तसाच मध्ये उभा राहतो. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. एलव्हीजीएलमध्येही तेच. त्यात उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषा आणि अरबी-फारसी अक्षरं जोडायची सोय आहे, पण मी वापरलेल्या आवृत्तीत देवनागरीसाठी तसं काही नाही. फॉन्ट कन्व्हर्टरला ०९०० ते ०९७F ही देवनागरीची पूर्ण युनिकोड रेंज दिली तरी जोडाक्षरांचे ग्लिफ त्यात येत नाहीत, कारण त्यांना स्वतःचा युनिकोड नंबरच नसतो. टीएफटी_ईएसपीआयचे स्मूथ फॉन्टही तसेच.

मग जे केलं ते आजतागायत चालू आहे आणि मला वाटतं मराठी डिस्प्लेसाठी सध्या हाच व्यवहार्य रस्ता आहे. न बदलणारे सगळे शब्द, 'वरची टाकी', 'मोटर चालू', 'पाणी संपत आलंय', असे सगळे कॉम्प्युटरवर आधीच चित्र म्हणून बनवून घ्यायचे. पायथनमध्ये पिलो लायब्ररी, फॉन्ट मुक्ता, जो मुंबईच्या एक टाइपने बनवलाय आणि फुकट आहे. पिलोमध्ये राक्म (शेपिंग करणारा भाग) चालू आहे की नाही ते आधी तपासा, नसेल तर पिलोसुद्धा वेलांटी चुकवते आणि तुम्ही उगाच डिस्प्लेकडे संशयाने बघत बसाल. त्या चित्राचा सी ॲरे करून फ्लॅशमध्ये टाकायचा आणि यू८जी२ च्या ड्रॉएक्सबीएमपी फंक्शनने काढायचा. ६४ × २० चं एक लेबल म्हणजे १६० बाइट, अशी तीस लेबलं झाली तरी पाच केबीच्या आत, उनोच्या ३२ केबी फ्लॅशमध्येही बसतील. एक्सबीएम या चित्राच्या फॉरमॅटमध्ये बाइटमधला सगळ्यात डावा पिक्सेल खालच्या बिटात असतो आणि ॲडाफ्रूटच्या लायब्ररीतल्या ड्रॉबिटमॅपमध्ये वरच्या बिटात, त्यामुळे चित्र आठ-आठ पिक्सेलच्या पट्ट्यांत उलटं दिसलं तर आधी तिथे बघा.

बदलणारे फक्त आकडे उरतात, आणि आकड्यांना ना वेलांटी ना रफार. ० ते ९ देवनागरी आकडे, टक्क्याचं चिन्ह आणि पॉइंट एवढाच छोटा फॉन्ट बनवला की बास. लेबल चित्रातून, आकडा फॉन्टमधून, बघणाऱ्याला शंकाही येत नाही.

यात वेळ खाल्ला तो शिरोरेषेने. रंगीत स्क्रीनवर कडा गुळगुळीत करता येतात पण ओलेडवर पिक्सेल एक तर पेटलेला किंवा विझलेला, आणि शिरोरेषा जर पिक्सेलच्या दोन ओळींच्या मध्ये आली तर ती कुठे जाड कुठे तुटक अशी दिसते. पिलोला एक-बिट मोडमध्ये काढायला सांगायचं आणि फॉन्टचा साइज एक-एक पिक्सेलने बदलून बघायचा, कुठल्यातरी साइजला रेषा बरोब्बर ओळीवर बसते. त्यानंतरही काही शब्द हाताने दुरुस्त करावे लागले, विशेषतः जिथे वर मात्रा आणि खाली उकार दोन्ही आहेत. १६ पिक्सेलपेक्षा कमी उंचीत मराठी करू नका, इंग्रजी ८ पिक्सेलमध्ये छान वाचता येतं म्हणून मराठीही येईल असं नाही, आपल्या लिपीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. म्हणजे १२८ × ६४ वर मराठीच्या तीन ओळी सुखाने, चौथी कोंबल्यासारखी.

ओलेडची एक कायमची अडचण आहे ती म्हणजे पिक्सेल थकतात. तेच लेबल त्याच जागी दिवसरात्र पेटलेलं राहिलं की काही महिन्यांनी ते पिक्सेल बाकीच्यांपेक्षा मंद होतात, पूर्ण स्क्रीन पांढरी केली की जुन्या अक्षरांची सावली दिसते. उपाय साधे आहेत, काँट्रास्ट कमी ठेवा, दर काही मिनिटांनी सगळं चित्र एक-दोन पिक्सेल सरकवा, आणि कोणी बघत नसेल तेव्हा पॉवर-सेव्ह. चोवीस तास चालणाऱ्या जागी मात्र मी ओलेड परत लावणार नाही.

म्हणून मग रंगीत. पिवळ्या पीसीबीवर ईएसपी३२, मागे-पुढे २.८ इंची ३२० × २४० चा आयएलआय९३४१ चिपवाला टीएफटी (रंगीत एलसीडी) आणि टच, असा एकच तयार बोर्ड मिळतो, सगळे त्याला यलो डिस्प्ले म्हणतात. वायरिंगची कटकट शून्य. फक्त त्याचा टच कंट्रोलर डिस्प्लेपेक्षा वेगळ्या एसपीआय (आयटूसीपेक्षा वेगवान डेटा पाठवायची पद्धत) पिनांवर आहे आणि त्याच नावाखाली एसटी७७८९ चिपवालेही बोर्ड विकले जातात, रंग उलटे आले तर चिप कुठली आहे ते आधी बघा.

इथे गणित एकदम बदलतं. एका पिक्सेलला १६ बिट, पाच लाल सहा हिरवे पाच निळे, म्हणजे पूर्ण फ्रेम १,५३,६०० बाइट. ईएसपी३२ च्या माहितीत ५२० केबी रॅम लिहिलेली असते पण दीडशे केबीचा एकसलग तुकडा त्यात मिळत नाही, वायफाय चालू असेल तर नाहीच नाही. आणि ४० मेगाहर्ट्झ एसपीआयवर नुसता डेटा पाठवायला ३१ मिलिसेकंद. त्यामुळे दर वेळी फिल-स्क्रीन करून सगळं परत काढलं तर डोळ्यांना लुकलुक दिसणारच, प्रत्येक नवशिक्याचा हाच प्रश्न असतो.

टीएफटी_ईएसपीआय इथे मनापासून आवडली. स्प्राइट म्हणजे रॅममधला कोरा कागद, त्यावर सगळं काढा आणि एका झटक्यात पुश करा, लुकलुक गायब. सगळ्यात भारी म्हणजे स्प्राइटची कलर डेप्थ कमी करता येते. टाकीचं चित्र ८० × २०० चं, १६ बिटमध्ये ३२,००० बाइट आणि ४ बिट पॅलेटमध्ये फक्त ८,०००. सोळा रंग टाकीला खूप झाले. नुसत्या आकड्यासाठी स्प्राइटचीही गरज नाही, अक्षराच्या रंगाबरोबर मागचा रंग द्या आणि टेक्स्ट-पॅडिंग सेट करा, १०० वरून ९९ झालं तरी जुना आकडा मागे राहत नाही. खटकतं ते यूजर_सेटअपचं प्रकरण. पिनांची सेटिंग लायब्ररीच्याच फोल्डरमधल्या फाइलीत, लायब्ररी अपडेट केली की पुसली जाते, आणि दोन प्रोजेक्टना दोन वेगळे डिस्प्ले असतील तर अजून वैताग. प्लॅटफॉर्मआयओ (कोड लिहून बोर्डावर चढवायचं साधन) वापरत असाल तर सगळ्या पिना बिल्ड फ्लॅगमध्ये द्या, फाइलीला हातच लावू नका.

एलव्हीजीएलकडे गेलो ते सेटिंगच्या पानासाठी. मोटर किती टक्क्याला चालू करायची, किती वाजता बंद, त्यासाठी स्लायडर, बटणं, टॅब हवे होते, हे सगळं हाताने काढणं म्हणजे वेळ वाया. हंगेरीत सुरू झालेला हा प्रोजेक्ट आता चांगलाच मोठा झालाय आणि त्याचं डिझाइन खरंच विचारपूर्वक आहे. कुठला भाग बदलला हे तो स्वतः लक्षात ठेवतो आणि तेवढाच परत काढतो, बफर स्क्रीनच्या दहाव्या भागाएवढा दिला तरी चालतं, म्हणजे १५,३६० बाइट. मराठी लेबलं इथेही चित्र म्हणूनच टाकलीत, फक्त एक-बिटऐवजी आठ-बिट अल्फा, त्यामुळे कडा सुंदर येतात आणि रंग कोडमधून बदलता येतो, 'पाणी संपत आलंय' लाल करायला दुसरं चित्र लागत नाही.

पण शिकायला वेळ द्यावा लागतो. २०२४ च्या सुरुवातीला आवृत्ती ९ आली आणि डिस्प्ले जोडायची पद्धतच बदलली, इंटरनेटवरचे अर्धेअधिक धडे आवृत्ती ८ चे आहेत, ते कोड उचलून टाकले तर कंपाइलच होत नाहीत. आधी आवृत्ती बघा मगच व्हिडिओ बघा. आणि वायफायच्या कॉलबॅकमधून किंवा दुसऱ्या टास्कमधून थेट लेबल बदलू नका, एलव्हीजीएल थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकाच वेळी दोन टास्कनी हात लावलेला तिला चालत नाही, कधीतरी मध्यरात्री बोर्ड रिसेट होईल आणि कारण सापडणार नाही. नवीन व्हॅल्यू एका क्यूमध्ये टाका आणि एलव्हीजीएल चालवणाऱ्या टास्कमधूनच स्क्रीनवर लावा.

कुणी विचारलं तर माझं सांगणं असं की आकडे आणि दोन-चार ओळी असतील तर यू८जी२, तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. रंगीत पण टच नसलेला डिस्प्ले असेल तर टीएफटी_ईएसपीआय. माणूस बोटाने काही बदलणार असेल तरच एलव्हीजीएल, नुसतं तापमान दाखवायला तिचा घाट घालू नका. आणि डिस्प्ले उन्हात असेल तर ओलेड आणि टीएफटी या दोन्हीतला एकही पॅनेल घेऊ नका, तिथे जुना हिरवा १२८ × ६४ चा एसटी७९२० एलसीडी जास्त चांगला वाचता येतो, यू८जी२ त्यालाही चालते.

एक काम राहिलंय. सोसायटीच्या सूचना मोबाईलवरून पाठवून डिस्प्लेवर दाखवायच्या आहेत, म्हणजे मजकूर आधी माहीत नसणार आणि तयार चित्रं चालणार नाहीत. सध्या सर्व्हरवर चित्र बनवून वायफायने पाठवतोय, चालतंय, पण नेट गेलं की सूचना बंद. वेलांटी, रफार आणि नेहमीची शे-दीडशे जोडाक्षरं एवढंच सांभाळणारं छोटं शेपिंग बोर्डावरच करायला घेतलंय, वेलांटीचा भाग झालाय, रफार अजून दोन मात्रांच्या अक्षरावर चुकतो. कुणी ईएसपी३२ वर हार्फबझ बसवून नीट चालवलं असेल तर किती फ्लॅश आणि किती रॅम लागली ते कृपया सांगा.