सोमवारची सुट्टी आणि दिल्ली दर्शन: काही महिन्यांच्या वापरानंतर

लाल किल्ला, कुतुब, इंडिया गेट यांची माहिती सगळीकडे आहे, ती परत टाइप करत नाही. नोकरीमुळे दिल्लीत आहे आणि सुट्टी सोमवारी, त्यामुळे हा रिव्ह्यू फक्त सोमवारचा. लाल किल्ला सोमवारी बंद. गांधी स्मृती, जिथे 30 जानेवारी 1948 ला गांधीजींना गोळ्या घातल्या, तीही बंद. नॅशनल म्युझियम बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद. अरे सगळ्यांनी एकच वार का पकडलाय? आग्र्याचा ताज शुक्रवारी बंद असतो, म्हणजे सरकारला दुसरा वार चालतो ना!

आत्ता डोकं फिरायचं कारण म्हणजे सांगलीचे काका-काकू. रविवारी रात्री आले, मंगळवारी सकाळी हरिद्वारची गाडी. काकांना लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास बघायचा होता, 1760 मध्ये सदाशिवराव भाऊसाहेबांनी जिथलं चांदीचं छत उतरवलं तो. रिक्षावाला म्हणाला 'लाल किला आज बंद है', तर काका त्याच्यावरच भडकले, कारण इथले रिक्षावाले असं सांगून शोरूमला नेतात हे त्यांनी ऐकलेलं. सोमवारी मात्र बिचारे खरं बोलतात.

एकच स्टार देणार होतो पण मग हुमायूनच्या कबरीला गेलो, ती रोज उघडी असते, ऑनलाइन 35 रुपये, रोख दिले तर 40 (पाच रुपये का सोडा), आणि काकू तिथल्या बागेतून हलेचनात. संध्याकाळी वॉर मेमोरियल, 2019 ला झालेलं, इंडिया गेटच्या मागेच, फुकट. पंचवीस हजारांवर शहीद जवानांची नावं ग्रॅनाइटवर कोरलीत. परमवीर चक्रवाल्यांचे अर्धपुतळे आहेत त्यात राम राघोबा राणे दिसले आणि काकांचा राग तिथे उतरला. आता तीन स्टार.

कुतुबला जाणाऱ्यांसाठी, स्टेशनचं नाव 'कुतुब मिनार' असलं तरी मिनार तिथून दीड-दोन किलोमीटर लांब आहे, शेअर रिक्षा बघा.

मेट्रो कार्ड घ्याच, प्रत्येक प्रवासाला 10 टक्के सूट मिळते. माझं काकांकडे दिलं होतं, ते खिशात तसंच घेऊन हरिद्वारला गेले, आत दीडशेचा बॅलन्स होता.