पाच वर्षांच्या फोनला नवी बॅटरी: आठ महिने वापरून झाल्यावर

फोन २०१९ च्या दिवाळीत घेतलेला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ४००० एमएएचची बॅटरी (एमएएच म्हणजे बॅटरीची साठवण मोजायचं माप), एलसीडी स्क्रीन, आणि अँड्रॉइड १० वर येऊन अपडेट थांबलेले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या वर्षी त्या किमतीत आलेले बहुतेक फोन एकाच साच्यातले होते आणि त्यांची दुखणीही सारखीच आहेत.

माझी नोकरी फिरतीची. खत-बियाण्यांच्या ऑर्डरी घेत अकोला, बाळापूर, पातूर, अकोट, तेल्हारा असं बाईकवर हिंडायचं. नकाशा, ऑर्डरचं ॲप, व्हॉट्सॲप आणि यूपीआय, एवढंच फोनला काम. पण गेल्या नोव्हेंबरात गत अशी होती की सकाळी १०० टक्के घेऊन निघालो की दुपारचा डबा उघडेपर्यंत तिशीत. आणि तिशीत आला की त्याचा भरवसा संपला. कृषी केंद्राच्या काउंटरवर क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा उघडला की फोन ठार बंद. पुन्हा चालू केला की परत २६ टक्के दाखवणार, जसं काही झालंच नाही. समोर दुकानदार, मागे पावतीसाठी उभे शेतकरी, आणि मी बटण दाबून धरलेलं.

"काऊन भाऊ, इतकी फिरस्ती करता अन् फोनले पैसे नाई?" हे ऐकून घ्यावं लागायचं. नवा घ्यायचा तर पंधरा हजार. मुलीची फी भरायची होती. म्हटलं, आधी यालाच दुरुस्त करून बघू.

सुरुवात चुकीच्या टोकापासून केली, म्हणजे सेटिंगांपासून. मोजायला हवी होती बॅटरी. अँड्रॉइड १० मध्ये बॅटरी किती उरली आहे हे सरळ कुठे दिसत नाही. *#*#४६३६#*#* डायल केलं की माझ्या फोनवर एक पान उघडतं, पण त्यात प्रकृती 'चांगली' एवढंच. मरायला टेकलेल्या बॅटरीलाही ते चांगलीच म्हणतं. शेवटी ॲक्यूबॅटरी नावाचं ॲप टाकलं. चार्ज होताना किती करंट आत गेला यावरून ते क्षमतेचा अंदाज काढतं. एकदोन चार्जिंगमध्ये आकडा पक्का होत नाही, आठवडाभर द्यावा लागतो. माझा आकडा आला २४०० च्या आसपास. म्हणजे मूळच्या ४००० मधले साठ टक्के. सकाळचं माझं १०० म्हणजे खरं तर ६० होतं.

तिशीत बंद का पडतो, हे कळल्यावर मात्र डोक्यात प्रकाश पडला. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते तेव्हा तिची साठवण तर कमी होतेच, शिवाय तिचा आतला अवरोध वाढतो. कॅमेरा, प्रोसेसर, नेटवर्क यांनी एकदम करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन बंद पडतो. रब्बीत सगळ्यांचे पंप एकाच वेळी सुरू झाले की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती गुंगुं करते, उचलत नाही. अगदी तेच. तारेत वीज आहे, पण मागणीएवढा दाब नाही. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलनं मान्यच केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग ते याच कारणानं मुद्दाम कमी करतात, फोन असा अचानक बंद पडू नये म्हणून. ओरड झाल्यावर त्यांनी बॅटरी बदलायचा भाव अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला. बॅटरी आणि वेग ही दोन वेगळी दुखणी आहेत असं आपण धरून चालतो, ते तितकंसं खरं नाही.

तरी जागेचा मुद्दा वेगळा आहे आणि तो आधी सांगतो, कारण त्याला एक पैसा लागत नाही.

६४ जीबीमधले ६१ भरलेले होते. त्यातले २७ एकट्या व्हॉट्सॲपचे. डीलरांचे ग्रुप, भावांचे ग्रुप, बोंडअळीचे व्हिडिओ, तोच व्हिडिओ सहा ग्रुपमधून सहा वेळा, आणि सुप्रभात. सुप्रभातचं मी सांगायला नको. 'युरिया ४० बॅग' एवढं टाइप करायचं तर बोटं पुढे आणि अक्षरं मागे. मी 'बॅग' लिहून हात खाली घ्यायचो तेव्हा स्क्रीनवर 'युरि' उमटत असायचं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज मॅनेज करायचं पान आहे. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढून दाखवतात. त्या दोन ढिगांतच माझे १९ जीबी निघाले. मग ऑटो-डाउनलोड तिन्ही ठिकाणी बंद केलं: मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग. पुष्कळ जण पहिलंच बंद करतात आणि घरी वायफायवर रात्रभर सुप्रभात उतरत राहतं.

एकूण २२ जीबी मोकळे झाले आणि कीबोर्डचा अडखळा त्याच दिवशी गेला. फोनच्या आतल्या मेमरीला नवं लिहायच्या आधी जुना भाग पुसून मोकळा करावा लागतो. काठोकाठ भरली की तिला प्रत्येक वेळी आधी सामान हलवावं लागतं, मग लिहिता येतं. माझ्या अनुभवात दहा-बारा जीबी कायम मोकळे ठेवले तर पुरतं.

'क्लीनर' आणि 'बूस्टर' ॲपं मात्र काढून टाका. माझ्याकडे दोन होती, एक फोनसोबतच आलेलं. अँड्रॉइड ॲपं रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, मुद्दाम ठेवतं, पुन्हा लवकर उघडावीत म्हणून. बूस्टर ती मारतो, मग ती पहिल्यापासून सुरू होतात, बॅटरी जास्तच खातात, आणि बूस्टर वर जाहिरात दाखवतो. मी स्वतः दिवसातून पन्नास वेळा सगळी ॲपं वर सरकवून बंद करायचो, गाडी सिग्नलला बंद करावी तसं. ती सवय सुटायला महिना गेला. झोपलेल्या ॲपांना आवरायचं काम अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन स्वतःच करतो.

डेव्हलपर ऑप्शन्स या सेटिंगमधल्या लपवलेल्या पानाची युक्ती सगळ्यांना ठाऊक असेल: फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, की ते पान उघडतं, मग ॲनिमेशनचे तीन आकडे १ वरून ०.५ वर. फोन वेगवान होत नाही, पण वाटतो, आणि दिवसभर वापरणाऱ्याला वाटणंही पुरतं. डार्क मोडचा माझ्या एलसीडीवर काही उपयोग झाला नाही. तिथे काळ्या रंगामागेही दिवा जळतच असतो. ओएलईडी स्क्रीन असेल तर जरूर करा, तिच्यात काळा भाग उजळतच नाही.

एक चूक सांगून ठेवतो. उत्साहाच्या भरात ऑर्डरच्या ॲपलाही 'पार्श्वभूमीत बंदी' घातली. तेल्हाऱ्याच्या एका दुकानदाराची मोठी ऑर्डर संध्याकाळी आली आणि मला सूचना दिसली दुसऱ्या दिवशी सकाळी, ॲप उघडल्यावर. तोवर त्यानं माल दुसरीकडून उचलला होता. बंदी घालताना ज्याच्यावर पोट आहे ते ॲप वगळा.

आता बॅटरी. पहिली मी मार्केटमधल्या एका दुकानात बदलली, ४५० रुपयांत, वीस मिनिटांत. वर छापलेलं '४५०० एमएएच'. तिथेच शंका यायला हवी होती. तेवढ्याच खाचेत कंपनीनं ४००० बसवले, याला वरचे ५०० कुठून मिळाले? आठवड्यानं ॲक्यूबॅटरीचा आकडा २७०० वर थांबला. जुनी काढलेली बॅटरी मी मागून घेतली होती, म्हणून एक प्रयोग केला. ओळखीच्या कृषी केंद्रात भाजीच्या बियाण्याची पाकिटं तोलायचा छोटा काटा आहे. जुनी मूळ बॅटरी भरली ५८ ग्रॅम. मग ती ४५० वाली बदलायची वेळ आली तेव्हा तीही तोलली: ४३ ग्रॅम. साठवण म्हणजे आतला माल, आणि मालाला वजन असतं. छापायला शाई लागते फक्त. दुकानदारानं पैसे परत दिले नाहीत. बॅटरी परत घेतली आणि माझ्यादेखत पुन्हा खणात ठेवली.

दुसरी जानेवारीत अधिकृत सेंटरमधून बसवली. बॅटरी आणि मजुरी मिळून अकराशे, पण माल मागवावा लागला म्हणून नऊ दिवस थांबलो. काम समोर बसून पाहिलं. पोरानं आधी हीट गननं मागच्या झाकणाचा डिंक सैल केला, कडेनं प्लास्टिकची पत्ती फिरवली आणि झाकण चारच बोटं उचलून थांबला. "फिंगरची पट्टी हाय ना भाऊ झाकनाले, ओढलं तं तुटते." बोटाच्या ठशाचा सेन्सर झाकणात असतो आणि तो कागदाएवढ्या पातळ पट्टीनं बोर्डाला जोडलेला असतो. घरी यूट्यूब बघून झाकण उघडणाऱ्यांची इथेच फसगत होते. बॅटरी खाली चिकटवलेली असते, ती लोखंडी वस्तूनं उचकटायची नाही. भोक पडलं तर पेट घेते.

फरक? ॲक्यूबॅटरीवर ३८०० च्या पुढे. सकाळी सातला निघालो की रात्री आठला घरी २५-३० टक्के घेऊन येतो, नकाशा दिवसातून दोनेक तास चालू असताना. कॅमेरा उघडताना बंद पडणं जानेवारीपासून एकदाही नाही. आणि वेग, ज्याची अपेक्षा नव्हती, तोही सुधारला. नकाशा आधी बाईकवर वळण गेल्यावर वळा म्हणायचा, आता वेळेत म्हणतो. हे किती बॅटरीचं आणि किती मोकळ्या जागेचं, ते वेगळं काढणं अवघड आहे. माझा कल बॅटरीकडे, कारण जागा तर नोव्हेंबरातच मोकळी केली होती आणि नकाशा तेव्हाही रडतच होता.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. अकोल्याचं ऊन काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. ४५ अंशात हँडलच्या स्टँडवर फोन, पूर्ण ब्राइटनेस, वर बाईकचा चार्जर लावलेला. पातूरच्या घाटापर्यंत बॅटरीचं तापमान ४७ दाखवलं आणि चार्जिंग आपोआप थांबलं. ते बरंच झालं. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडी सगळ्यात वाईट. अशात एक उन्हाळा काढला तरी बॅटरीचं वय वाढतं. मग फोन सॅकमध्ये, ओल्या रुमालापासून दूर, आणि कानात एका बाजूला इअरफोन. नकाशा बघायचा नाही, ऐकायचा. स्क्रीनच बंद म्हटल्यावर बॅटरीही तेवढी वाचली. आमचा एक सहकारी गरम फोन थंड करायला फ्रिजमध्ये ठेवतो. त्याला सांगून थकलो, बाहेर काढल्यावर आत दव धरतं म्हणून.

रेंजचा घोळही याच काळात सापडला. अकोटच्या पुढे पोपटखेडकडे गेलो की बॅटरीच्या यादीत मोबाइल नेटवर्क सगळ्यात वर. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावून बोलतो, आणि रेंज नसेल तर शोधतच बसतो. माझं दुसरं सिम त्या बाजूला कुठेच पकडत नाही, तरी दिवसभर शोध चालू. आता डोंगराकडे निघताना ते सिम सेटिंगमधून बंद करतो आणि नकाशा आदल्या रात्री ऑफलाइन उतरवून घेतो. त्या रूटवर या एका गोष्टीनं दिवसाला दहा-बारा टक्के वाचतात. बाकी सगळ्या सेटिंगांनी मिळून तेवढे वाचले नसतील.

बॅटरी पूर्ण भरून राहू नये म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग तोडायचा नेम मार्चपर्यंत पाळला. मृगात पेरणीची धावपळ लागली आणि सुटला. रात्री लावतो, सकाळी काढतो. एवढंच पाहतो की उशीखाली किंवा गादीवर नको, फरशीवर.

जे सुधारलं नाही ते असं: सुरक्षेचे अपडेट येत नाहीत आणि येणारही नाहीत. गुगल प्ले सिस्टिम अपडेट तेवढं सेटिंगमध्ये जाऊन तपासतो. म्हणून यूपीआयला वेगळं खातं जोडलंय, त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवत नाही. मुख्य खात्याचं ॲप या फोनवर नाही. झाकण परत चिकटवलेलं असल्यानं पावसात फोन प्लास्टिकच्या पाउचमध्येच. कॅमेरा होता तसाच, संध्याकाळनंतर पिकावरची कीड ओळखू येत नाही.

स्क्रीन फुटली तर मात्र यावर आणखी पैसे घालणार नाही. भाव विचारून ठेवलाय, अडीच हजार. परवा फक्त टेंपर ग्लास बदलून घेतली.