गॅसची नळी, १८५० रुपयांना

मागच्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला बेल वाजली. वॉचमन जेवायला गेलेला, घरात मी एकटी. दारात दोघे जण: निळे शर्ट, गळ्यात कार्ड, हातात वही. "काकू, गॅसची तपासणी. पाच वर्षांची, सक्तीची. नाही केली तर पुढचं बुकिंग होणार नाही."

दर पाच वर्षांनी अशी तपासणी असते हे मला माहीत होतं. तिथंच फसले. निव्वळ थाप असती तर दार लावून घेतलं असतं. गॅसचं पुस्तक मागितलं, तेही मीच आणून दिलं. एकानं रेग्युलेटरपाशी साबणाचा फेस लावला आणि भराभर बुडबुडे आले. माझे हातपायच गळाले. आता वाटतं, रेग्युलेटर त्यानंच सैल केला असणार. दुसऱ्यानं तेवढ्यात पाणी मागितलं होतं आणि मी माठाकडे वळले होते. नळी बदलली, १८५० रुपये घेतले, रोखच. "ऑफिसात कॅशच भरावी लागते." जुनी नळीही 'जमा करायला' घेऊन गेले.

शनिवारी नेहमीचे सिलेंडरवाले दादा आले. त्यांनी नळीवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. रॉकेल! कुणाची तरी जुनी नळी पुसून चकचकीत केलेली, वर छापलेलं वर्ष ब्लेडनं खरवडलेलं. "एजन्सीत नवी दोनशेच्या आसपास मिळते, ताई." माझी धडधाकट नळी बहुधा आणखी कुणाला तरी विकली असेल. पैसे गेले ते गेले, पण चार दिवस मी त्या नळीवर स्वयंपाक केला.

तेव्हा बायांनो, कुणी आलं तर त्याला बाहेरच उभं करून आपल्या एजन्सीला फोन लावा. नंबर पुस्तकावरचा घ्या, तो सांगेल तो नको. खरा माणूस पाच मिनिटं थांबतो. नळीवर आयएसआयची खूण आणि वर्ष बघा. खरंच वास येत असेल तर १९०६ हा गळतीसाठीचा नंबर चोवीस तास चालू असतो.

पोलीस चौकीत अर्ज दिलाय. गेटवरच्या वहीत त्यांनी नाव लिहिलंय 'गॅसवाले', आणि मोबाइल नंबर नऊच आकडी.