ट्रेलरची गळती आणि ४,१२५ डॉलरची फसवणूक

आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढून न्यायच्या फिरत्या घरामध्ये, शिरणारे पावसाचे पाणी शोधून बंद करून देतो, असे सांगून एका फिरत्या कारागिराने आमच्याकडून एकूण ४,१२५ डॉलर घेतले. गळती होती तशीच राहिली आणि त्याने करून ठेवलेले काम खरवडून काढण्यासाठी आम्हाला वेगळे ९६० डॉलर मोजावे लागले. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मराठी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत असे ट्रेलर घेतले आहेत, त्यांतले बरेचसे वापरलेले आहेत, आणि पावसाळी महिने सुरू झाले की त्यांपैकी काहींना ओल दिसणारच आहे. त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. आगाऊ रक्कम, घाई आणि पावतीवरची मोघम भाषा, ही फसवणुकीची पद्धत कुणाला नव्याने सांगायला नको. ती मलाही ठाऊक होती. तरीही हा माणूस आम्हाला लुबाडू शकला, कारण ट्रेलरमध्ये पाणी जिथे शिरते तिथे ते दिसत नाही. छताच्या एका टोकाला शिरलेले पाणी भिंतीच्या आतल्या चौकटीवरून वाहत जाऊन भलत्याच कोपऱ्यात उतरते, आणि आत काय चालले आहे ते सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवण्यावाचून मालकाला गत्यंतर उरत नाही.

आम्ही अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे राहतो, जिथे साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस पाठ सोडत नाही. आमचा ट्रेलर २०१६ सालचा असून तो आम्ही १८,५०० डॉलरना घेतला. उन्हाळाभर त्याची काही तक्रार नव्हती. ओल पहिल्यांदा ओळखली ती रत्नागिरीहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी. पुढच्या बाजूच्या पलंगावर झोपून उठल्यावर त्यांनी ‘अगं, इथे ओलीचा वास येतोय’ असे सांगितले, तेव्हा आम्ही गादी उचलून पाहिली. खालचे प्लायवुड कडेने काळे पडले होते, भिंतीचा कागद सुटला होता, आणि तो ओढल्यावर मागच्या भेगेतून थर्मोकोलचे पांढरे कण माझ्या बोटांना चिकटून आले. बाहेरून पाहिले तर त्याच जागी फायबरग्लास पुरीसारखा फुगला होता. माझ्या पतींनी सगळे नळ बंद करून पाण्याचा पंप चालू ठेवून पाहिला. पंप मधूनच आपोआप सुरू झाला असता तर नळजोडणीत गळती आहे असा त्याचा अर्थ झाला असता, पण तो शांत राहिला. म्हणजे पाणी पावसाचे होते आणि बाहेरून येत होते. इतका विचार आम्ही केला होता. डोळे मिटून कुणाच्या हवाली गाडी केली, असे झालेले नाही.

विक्रेत्याच्या कार्यशाळेत विचारले तर पावसाळा निम्मा उलटल्यानंतरची तारीख मिळाली. महामारीनंतर या गाड्यांची प्रचंड विक्री झाली, एकट्या २०२१ साली अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास ट्रेलर आणि मोटारघरे कारखान्यांतून बाहेर पडली, पण दुरुस्ती करणारे हात त्या प्रमाणात वाढले नाहीत. या फटीतच असे फिरते कारागीर शिरतात. हा माणूस जाहिरातीतून सापडला, त्याच्याविषयीचे लोकांचे अभिप्राय उत्तम होते, सदऱ्यावर प्रमाणपत्राचा बिल्ला होता, आणि तो बोलायला अतिशय नम्र होता. केवळ तपासणीचे त्याने २७५ डॉलर घेतले.

तपासणीत त्याने ओलावा मोजण्याचे यंत्र काढले आणि त्याच्या दोन सुया भिंतीत टोचल्या. आकडा ३८ दिसला. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की ते कुजण्याचा धोका सुरू होतो, हे मी आधी वाचले होते, त्यामुळे ३८ पाहून माझ्या पोटात गोळा आला. सुया आतल्या अॅल्युमिनियमच्या चौकटीला किंवा एखाद्या पिनेला टेकल्या तर भिंत कोरडी असली तरी आकडा उसळतो, हे मला पुढे कळले. म्हणून तुमच्याकडे कुणी असे यंत्र घेऊन आला, तर आधी खात्रीने कोरड्या असलेल्या भिंतीवर, मग संशयित जागी, आणि तिथेही आजूबाजूला सरकवून मोजायला लावा.

त्यानंतर त्याने हवेच्या दाबाची चाचणी केल्याचे नाटक केले. या चाचणीत छताच्या एका झरोक्यात पंखा बसवून आत हवा भरतात, बाकीचे झरोके आणि स्वयंपाकाच्या जागेचा धूर बाहेर नेणारे तोंड बंद करतात, आणि बाहेरून साबणाचे पाणी फवारतात. जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात. त्याने पंखा बसवला, पण बाकीची तोंडे उघडीच ठेवली. साहजिकच आत दाब तयार झाला नाही आणि बुडबुडा कुठेही आला नाही. त्यावर त्याने सांगितले की फटी फार बारीक आहेत, म्हणून संपूर्ण छत नव्याने सील करावे लागेल. लक्षात ठेवा, ज्या गाडीची भिंत ओलीने फुगली आहे तिच्यावर एकही बुडबुडा येत नसेल, तर चाचणी झालेलीच नाही.

कामाची रक्कम ३,८५० डॉलर ठरली. त्यांपैकी २,४०० डॉलर सामानासाठी आगाऊ आणि १,४५० डॉलर काम संपल्यावर द्यायचे होते. कार्डाने दिल्यास जादा आकार लागेल असे सांगून त्याने पैसे थेट बँक खात्यातून मागितले. हे कधीही मान्य करू नका. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबाबत, ठरलेली सेवा मिळाली नाही म्हणून वाद नोंदवण्याचा हक्क १९७४ सालच्या केंद्रीय कायद्याने दिलेला आहे. खात्यातून स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशांना तसे संरक्षण नाही.

आता त्या क्षणाविषयी लिहिते, ज्याच्या आठवणीने आजही माझा संताप होतो. काम आमच्या अंगणातच चालू होते; माझे पती कामावर गेले होते आणि मी घरात बसून कार्यालयाच्या बैठकीत होते. दुपारी तो दाराशी आला आणि भिंत उघडल्याचे फोटो त्याने मला फोनवर दाखवले. काळे, भुसभुशीत झालेले लाकूड, त्याच्या मागे ओला झालेला गुलाबी रंगाचा काचेचा कापूस, आणि पुढच्या फोटोत त्याच चौकटीत बसवलेले कोरे लाकूड. फोटो इतके भयंकर होते की मी फक्त ते लाकूड पाहत राहिले. पण आमच्या ट्रेलरच्या भिंतीत काचेचा कापूस नाहीच. तिच्यात अॅल्युमिनियमची चौकट आणि पांढरा थर्मोकोल आहे, आणि तेच पांढरे कण मी काही दिवसांपूर्वी स्वतःच्या बोटांवरून झटकले होते. कापूस असतो तो लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेल्या गाड्यांत. म्हणजे ते फोटो दुसऱ्याच कुणाच्या ट्रेलरचे होते, पुरावा माझ्या हातातल्या पडद्यावर होता, आणि मी ‘थँक यू’ म्हणून उरलेले १,४५० डॉलर पाठवून दिले.

‘तेव्हा तुझ्या लक्षात यायला हवे होते’ असे मला आतापर्यंत अनेकांनी ऐकवले आहे. त्यांना माझे उत्तर एवढेच आहे की डॉक्टरने दाखवलेला एक्स-रे आपलाच आहे ना, हे आपण तपासत बसत नाही, आणि बसावे लागू नये. दोष खोटा फोटो दाखवणाऱ्याचा आहे. मात्र तुम्ही एक करा: भिंत उघडी असताना स्वतः जाऊन पाहा, शक्य नसेल तर ‘मी पाहीपर्यंत बंद करायची नाही’ असे लेखी घ्या, आणि फोटो घेताना चौकटीत गाडीची एखादी ओळखीची खूण आलीच पाहिजे, असा आग्रह धरा.

दुसरी खूण वासाची होती. तो गेल्यावर छताजवळ व्हिनेगरसारखा उग्र वास येत होता. फटी बुजवण्यासाठी बाजारात मिळणारे स्वस्त सिलिकोन सुकताना असा वास येतो. आमचे छत ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे आहे, आणि त्यावर सिलिकोन नीट धरत नाही. तिथे त्या रबरासाठी बनवलेले, आपोआप पसरून सपाट होणारे सीलंट लागते. आणि झरोके, दिवे, कडेच्या पट्ट्या यांच्या खाली ब्युटाइलची, म्हणजे मऊ, चिकट रबराची, टेप नव्याने बसवावी लागते. त्याने जुन्या, धुळीने माखलेल्या सीलंटवरच सिलिकोनच्या नळ्या रिकाम्या केल्या होत्या. सिलिकोनवर दुसरे काहीही चिकटत नसल्यामुळे पुढच्या कारागिराला ते कण न् कण काढावे लागले, आणि त्या ९६० डॉलरचे कारण हे आहे.

पहिल्याच वादळी पावसात गादी पुन्हा भिजली. त्याने बसवलेले ‘नवे’ पॅनेल ओढले तर ते जुन्या भिंतीवर चिकटवलेला पातळ पत्रा निघाला, आणि मागचे प्लायवुड होते तसेच काळे होते. त्याचा फोन तोपर्यंत बंद झाला होता.

यानंतर जे झाले त्याचा मला त्या माणसाच्या लबाडीइतकाच राग आहे. पोलिसांनी ही दिवाणी बाब आहे असे सांगून केवळ तक्रारीचा एक क्रमांक दिला. कंत्राटदारांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाने सांगितले की आमचा संबंध घरांशी आहे, ट्रेलर हे वाहन आहे, म्हणून वाहन विभागाकडे जा. वाहन विभागाने सांगितले की आम्ही वाहने आणि विक्रेते नोंदवतो, ट्रेलरच्या छताशी आमचा संबंध नाही, म्हणून ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाकडे जा. तिथे मी पावत्या, फोटो आणि बँकेचे उतारे व्यवस्थित लावून तक्रार दिली. त्यांनी त्या माणसाच्या पत्त्यावर पत्र धाडले. तो पत्ता म्हणजे दुकानातली भाड्याची टपालपेटी होती. उत्तर आले नाही, आणि मध्यस्थी ऐच्छिक असल्यामुळे प्रकरण बंद करत असल्याचे मला कळवण्यात आले. ज्याने फसवले त्याच्या मर्जीवर तक्रारीचा निकाल अवलंबून असेल, तर ते कार्यालय कुणासाठी चालवले जाते? विमा कंपनीने अचानक झालेले नुकसान भरून मिळते, हळूहळू मुरलेल्या पाण्याचे नाही, असे उत्तर दिले. बँकेने पैसे तुम्हीच पाठवले आहेत, म्हणून ही फसवणूक धरता येत नाही, असे लिहून दिले. बिल्ल्यावरच्या संस्थेला विचारले तर त्या नावाचा कुणीही त्यांच्या यादीत नव्हता, आणि बिल्ला खोटा वापरल्याबद्दल त्यांनी काही केल्याचे मला आजवर कळलेले नाही. हा एक फोन पैसे देण्यापूर्वी करा. तो फुकट असतो. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात, मी ४,१२५ डॉलरचा दावा दाखल केला आहे, पण प्रतिवादीला नोटीस बजावल्याशिवाय सुनावणी होत नाही आणि टपालपेटीच्या पत्त्यावर ती मला अजून बजावता आलेली नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि निजायची जागा असलेली ही वस्तू सरकारच्या लेखी दुरुस्तीपुरती ना घर आहे ना वाहन, आणि हे या ठगांना पक्के ठाऊक आहे.

खरी गळती शेवटी दुसऱ्या कारागिराने शोधली. त्याने सगळी तोंडे बंद करून दाबाची चाचणी केली आणि मला शिडीवर चढवून बुडबुडे दाखवले. छत जवळजवळ ठीक होते. पाणी शिरत होते पुढच्या कोपऱ्यावरच्या उभ्या पट्टीतून, जिथली प्लास्टिकची झाकणपट्टी आकसली होती आणि खालचे स्क्रू गंजले होते, तसेच वरच्या एका लहान नारिंगी दिव्याच्या बुडातून. पट्टी उतरवून ब्युटाइल बदलणे, दिवा नव्याने बसवणे, भिंतीचा आतला भाग आणि पलंगाखालचे लाकूड बदलणे, आणि ते सिलिकोन काढणे, असे सगळे मिळून ६,७८० डॉलर झाले. ते आम्ही कार्डाने दिले. ओल दिसली त्याच आठवड्यात नीट चाचणी झाली असती, तर लाकूड बहुधा वाचले असते.

ग्राहक तक्रारींच्या कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने फोनवर एवढे मात्र मान्य केले की एकाच माणसाविरुद्ध अनेक तक्रारी आल्या तर त्या एकत्र करून चौकशी मागता येते. म्हणून वायव्य किनाऱ्याच्या बाजूला कुणाला दुरुस्तीचा पुरावा म्हणून गुलाबी कापसाचे हेच फोटो मिळाले असतील, तर पावती आणि त्याच्या गाडीचा क्रमांक जपून ठेवा, आपली स्वतंत्र तक्रार नोंदवा, आणि मला कळवा. नोटीस बजावण्यासाठी मला त्याचा राहता पत्ता हवा आहे.